शांता आपटे चित्रसूची आणि गीतसूची: प्रकल्प नोंदी

६ जानेवारी
गायिका-अभिनेत्री शांता आपटे यांच्याविषयीचे मराठी लेखन दोनच जागी घोटाळत राहते. एक 'कुंकू' या चित्रपटातली नीरा, दुसरे १९३९ साली पुण्याच्या 'प्रभात' फिल्म कंपनीच्या फाटकावर केलेले उपोषण. दोन्ही गोष्टी मोठ्या आहेत. पण त्यांच्या मागेपुढे पसरलेले पाव शतकाचे काम अशा लेखांत दोन ओळींत उरकले जाते. पुणे, मद्रास, लाहोर, मुंबई, कोल्हापूर इथल्या कंपन्या, तीन भाषा आणि बहुतेक ठिकाणी स्वतःचाच आवाज, एवढा त्या कामाचा पसारा आहे. 'करारी' हे विशेषण सगळे लावतात. तो करारीपणा कामात कुठे दिसतो हे मात्र कोणी मांडून ठेवत नाही. या सूचीचा हेतू तेवढाच आहे.

चित्रपटाच्या तक्त्यातले रकाने असे ठरले: पडद्यावरचे शीर्षक जसेच्या तसे, भाषा, निर्मितीसंस्था, दिग्दर्शक, भूमिकेचे नाव, गाणी स्वतः गायल्या का, चित्रीकरणाचे शहर, लांबी फुटांत आणि नोकरीचे स्वरूप (महिन्याचा पगार की चित्रपटापुरता करार). शेवटचा रकाना नेहमीच्या चित्रसूचीत नसतो. या अभिनेत्रीच्या बाबतीत तोच सगळ्यांत महत्त्वाचा आहे.

प्रदर्शनाची तारीख एका रकान्यात ठेवू नये. दिवस, महिना आणि वर्ष असे तीन रकाने करावेत आणि तिन्ही मजकूर-स्वरूपात ठेवावेत. नुसते '१९३७' माहीत असताना तारखेच्या रकान्यात ते टाकले की तक्ता आपल्या मनाने १ जानेवारी भरतो, आणि वर्षभराने ती तारीख खरी समजून कोणीतरी लेखात वापरतो.

पुराव्याचे तीन दर्जे ठेवले आहेत. 'अ' म्हणजे पडद्यावरची श्रेयनामावली, चित्रपटाची पुस्तिका, ग्रामोफोनच्या तबकडीचे लेबल. 'आ' म्हणजे त्या काळातली जाहिरात, परीक्षण किंवा बातमी. 'इ' म्हणजे नंतरच्या आठवणी आणि मुलाखती. जी गोष्ट फक्त 'इ'वर उभी आहे ती शेऱ्यात जाईल, मुख्य रकान्यात नाही. तापट नटीचे किस्से लोक आवडीने सांगतात आणि प्रत्येक पुनरुक्तीत ते वाढतात. ही चाळणी त्यांच्यासाठी आहे.

९ जानेवारी
द्विभाषिक चित्रपट म्हणजे दोन ओळी, एक नव्हे. 'प्रभात'मध्ये मराठी आणि हिंदी आवृत्तीची दृश्ये वेगवेगळी चित्रित होत. हे नंतर चढवलेले डबिंग नाही. म्हणून लांबी वेगळी, गाण्यांचे शब्द वेगळे, तबकड्या वेगळ्या, आणि काही वेळा नटही वेगळे.

'अमृतमंथन' (१९३४, दिग्दर्शक व्ही. शांताराम) ओळखायची सोपी खूण आहे. राजगुरूच्या भूमिकेत चंद्रमोहन असतील तर हिंदी, केशवराव दाते असतील तर मराठी. निव्वळ स्थिरचित्र हाती आले आणि त्यात राजगुरू दिसत असेल तर आवृत्ती तिथेच ठरते. शांता आपटे मात्र दोन्हीकडे आहेत, त्यामुळे त्यांच्या एकटीच्या स्थिरचित्रावरून आवृत्ती सांगता येत नाही. तशा चित्रापुढे 'भाषा अनिश्चित' लिहायचे आणि पुढे जायचे.

'कुंकू' आणि 'दुनिया न माने' (१९३७) यांत दाते दोन्हीकडे आहेत, त्यामुळे ही युक्ती चालत नाही. तिथे नायिकेचे नाव पाहावे: मराठीत नीरा, हिंदीत निर्मला. 'गोपाळकृष्ण' (१९३८, दामले-फत्तेलाल) दोन्ही भाषांत. या शीर्षकाचा 'प्रभात'चा १९२९ चा मूकपटही आहे, तो त्या कंपनीचा पहिला चित्रपट. वर्ष न पाहता शोध घेतला की मूकपटाची माहिती बोलपटाच्या ओळीत येऊन बसते.

'अमरज्योती' (१९३६), 'राजपूत रमणी' (१९३६, केशवराव धायबर) आणि 'वहाँ' (१९३७, के. नारायण काळे) हे हिंदी. 'प्रभात'चा आहे म्हणजे मराठी आवृत्ती असणारच, असे धरून ओळ वाढवू नये.

१४ जानेवारी
नावांचे गोंधळ. सगळ्यांत जास्त वेळा होणारा गोंधळ शांता हुबळीकरांशी. 'माणूस' (१९३९) आणि 'आता कशाला उद्याची बात' हे हुबळीकरांचे आहे. 'प्रभातची शांता' एवढ्याच आठवणीवर गाणे शोधणारा माणूस दोघींना एक करून टाकतो, आणि संगीताच्या संकेतस्थळांवर चुकीचे छायाचित्र लागते. ओळखीचा साधा निकष असा: आपटे यांचे 'प्रभात'मधले काम १९३४ ते १९३८, हुबळीकरांचा 'माणूस' त्यानंतरचा.

दुसरा गोंधळ आडनावाचा. 'कुंकू'ची मूळ कादंबरी 'न पटणारी गोष्ट' नारायण हरी आपटे यांची. श्रेयनामावलीत 'आपटे' दोनदा येते आणि यांत्रिक शोधात दोन्ही एकत्र पडतात. तिसरा गोंधळ शांतारामांचा: दिग्दर्शक व्ही. शांताराम आणि कवी शांताराम आठवले. रकान्यात नेहमी पूर्ण नाव लिहायचे.

टंकनाची एक बाब. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या मजकुरात 'आ' हे अक्षर पुष्कळदा 'अ' आणि काना अशा दोन तुकड्यांत साठवलेले असते. डोळ्यांना 'आपटे' एकच दिसते, शोधाला मात्र दोन वेगळी नावे दिसतात. सगळा मजकूर आधी एकसारखा करून घ्यावा आणि मगच क्रमवारी लावावी. 'वहां' आणि 'वहाँ' यांचेही तसेच. शोधाच्या रकान्यात दोन्ही रूपे द्यावीत.

२१ जानेवारी
पहिली ओळ: 'श्यामसुंदर' (१९३२). सरस्वती सिनेटोन, पुणे, दिग्दर्शक भालजी पेंढारकर. शाहू मोडक कृष्ण, शांता आपटे राधा. मुंबईत २५ आठवड्यांहून जास्त चालला. 'पहिला रौप्यमहोत्सवी चित्रपट' हा मान कोणी याला देते, कोणी 'अमृतमंथन'ला. सूचीत 'पहिला' हा शब्द कुठेच वापरायचा नाही. किती आठवडे आणि कोणत्या शहरात, एवढेच लिहायचे. दोन्हींचा संबंध शांता आपटे यांच्याशी आहे, त्यामुळे मान कोणालाही मिळाला तरी त्यांच्या खात्यावरच जमा होतो.

२ फेब्रुवारी
तबकड्या धुणे. या काळातल्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या. अल्कोहोल, स्पिरिट किंवा काच पुसण्याचे द्रव अजिबात नको, लाख विरघळते. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात सौम्य, बिनरंगाच्या, बिनवासाच्या डिटर्जंटचे दोनतीन थेंब. मऊ ब्रश खोबणीच्या दिशेने फिरवायचा, आडवा नाही. लेबल कोरडे राहायला हवे, नाहीतर शाई पसरते आणि पुराव्याचा 'अ' दर्जाच जातो. मग साध्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुवायचे, धागे न सुटणाऱ्या कापडाने टिपायचे आणि उभी ठेवून सावलीत वाळवायची. उन्हात ठेवली तर वाकते.

तडा गेलेली तबकडी धुवायची नाही. पाणी तड्यातून आत जाते आणि आतला भराव फुगतो. ती कोरड्या ब्रशने साफ करून एकदाच वाजवायची आणि त्याच वेळी ध्वनिमुद्रण करायचे. वेलव्हेटचा जुना हिरवा किंवा लाल गोल असेल तर त्यावर तबकडी ठेवू नये, धूळ पुन्हा चिकटते.

लेबलची नोंद वेगळी घ्यायची आणि खोबणी संपते तिथे कोरलेला साच्याचा क्रमांक वेगळा. लेबल पुनर्मुद्रणात बदलते, कोरलेला क्रमांक त्या मुद्रणाचाच राहतो. गायिकेच्या नावाबद्दल वाद झाला तर निकाल कोरलेल्या क्रमांकावरून द्यायचा.

५ फेब्रुवारी
सुई आणि वजन. एलपीची, म्हणजे नंतरच्या बारीक खोबणीच्या तबकडीची, सुई (सुमारे ०.७ मिल; मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) या रुंद खोबणीच्या तळाला घासत जाते. तिथे फक्त धूळ आणि कुस्कर असते, आवाज भिंतींवर असतो. सुमारे ३ मिलची सुई हवी. खूप झिजलेल्या तबकडीला थोडी लहान किंवा थोडी मोठी लावून पाहावी, म्हणजे सुई भिंतीच्या न झिजलेल्या उंचीवर बसते. वजन ३ ते ५ ग्रॅम. कमी ठेवले तर सुई उड्या मारते आणि उडी मारतानाच जास्त नुकसान होते. 'हलके ठेवा म्हणजे तबकडी वाचेल' हा समज इथे उलटा पडतो.

ध्वनिमुद्रण दोन्ही चॅनेलवर करायचे, जरी मूळ मोनो असले तरी. डावी आणि उजवी भिंत वेगवेगळी झिजलेली असते. नंतर दोन्ही ऐकून स्वच्छ बाजू घ्यायची किंवा दोन्ही मिसळायच्या. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, सर्वांत मोठा आवाज सहा डेसिबल खाली राहील एवढी मोकळीक.

फोनो प्रीअँपचा (तबकडीचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या यंत्राचा) धोका: त्यात बसवलेली आरआयएए वळणरेषा (खालचे सूर उचलण्याचे आणि वरचे दाबण्याचे ठरलेले प्रमाण) १९५० च्या दशकात प्रमाण झाली. १९३० च्या तबकड्यांना ती लावली की तार-स्वर दबतात आणि आवाज घोंगडीआडून आल्यासारखा होतो. सपाट मुद्रण करून सुधारणा नंतर संगणकावर करायची. त्या काळच्या मुद्रणाला खालच्या पट्टीत सुमारे २५० ते ३०० हर्ट्झपासून उचल पुरते, वरच्या पट्टीत बहुधा काहीच कापावे लागत नाही.

खरखर कमी करण्याची प्रक्रिया मूळ फाइलवर करायची नाही. जोरात लावलेली ही प्रक्रिया आधी 'स', 'श', 'छ' खाते. शांता आपटे यांच्या गाण्यात शब्दांची फेक हाच प्राण आहे; व्यंजने धारदार, शेवटचे अक्षर न गिळलेले. ती गेली तर गोड पण कोणाचाही वाटेल असा आवाज उरतो. ऐकण्याच्या प्रतीत सुटे टकटक आवाज काढावेत आणि सलग खरखर थोडी राहू द्यावी.

१२ फेब्रुवारी
पट्टी आणि वेग. हा भाग किचकट आहे आणि बहुतेक अपलोड याच जागी चुकतात.

भारतातल्या ५० हर्ट्झ विजेवर स्ट्रोबने (दिव्याच्या लुकलुकण्यावरून वेग दाखवणाऱ्या रेघांच्या चकतीने) जुळवलेला वेग ७७.९२ फेऱ्या येतो. सुरुवात तिथून करायची. पण मुद्रणाच्या वेळचा वेग तेवढाच असेल याची हमी नाही. एका अर्ध्या स्वराचा फरक पडायला वेग सुमारे ६ टक्के चुकावा लागतो, म्हणजे ७८ च्या जागी ८२.६. एवढी चूक क्वचित असते. पाव स्वराची मात्र नेहमी दिसते.

तपासणी अशी. साथीला हार्मोनियम असेल तर षड्ज कोणत्या पट्टीवर पडतो ते पाहायचे. काळी चार आणि तिच्या शेजारची पांढरी यांच्या मधोमध पडला तर दोनच शक्यता: वेग चुकला आहे किंवा पेटी आजच्या प्रमाणस्वराशी जुळलेली नाही. दोन्हींत निवड करायला जवळच्या साच्याच्या क्रमांकाची दुसरी बाजू घ्यायची, कारण ती बहुधा त्याच बैठकीतली असते. दोन्हीकडे तोच फरक असेल तर पेटीचा दोष समजून वेग तसाच ठेवायचा. एकाच बाजूला असेल तर वेग सुधारायचा.

सूर दर पाऊण सेकंदाला हेलकावे खात असेल तर तो वेगाचा दोष नाही. तबकडीचे भोक मध्यावर नाही. ७८ फेऱ्यांना एक फेरी ०.७७ सेकंदाची, म्हणून हेलकावाही तेवढाच. थाळीची मधली खुंटी काढता येत असेल तर ती काढून तबकडी हाताने मध्यावर आणावी. संगणकावर हे दुरुस्त करणे त्रासाचे आहे.

आता चित्रपटातले गाणे. दूरदर्शनच्या आणि व्हिडिओच्या जुन्या प्रतींत २४ चौकटींचा चित्रपट सेकंदाला २५ चौकटींनी चालवलेला असतो. त्यामुळे सगळे ४ टक्के वेगाने पळते आणि सूर सुमारे ०.७ अर्धस्वराने चढतो. 'चित्रपटात त्या वरच्या पट्टीत गायल्या, तबकडीत खालच्या' असे निष्कर्ष या एका कारणाने निघतात. तुलना करण्याआधी व्हिडिओचा आवाज ०.९६ पटीने हळू करायचा. तरीही फरक राहिला तरच तो खरा.

तो खरा असूही शकतो. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला सव्वातीन मिनिटांच्या आसपास मावतात. तबकडीसाठी गाणे पुन्हा गायले जाई, कडवी कमी होत, साथ बदलत असे. म्हणून गीतसूचीत 'चित्रपटातील' आणि 'तबकडीवरील' असे दोन वेगळे नोंदक्रमांक दिले आहेत.

लांबीचा हिशेबही याच नोंदीत. ३५ मिमी फिल्म मिनिटाला ९० फूट जाते. १२,६०० फूट म्हणजे १४० मिनिटे. तीच प्रत २५ चौकटींनी चालवली तर १३४ मिनिटे २४ सेकंद. डीव्हीडीवरची वेळ कमी दिसली की लगेच 'दृश्ये कापली' असे लिहू नये. आधी हा भागाकार करावा. त्यानंतरही मिनिटे कमी भरली तर कापलेले शोधावे.

२४ फेब्रुवारी
शांता आपटे यांचे निधन २४ फेब्रुवारी १९६४ रोजी मुंबईत अंधेरीला झाले. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय त्याच महिन्यात स्थापन झाले. 'प्रभात'चा स्टुडिओ तेव्हा बंद पडलेला होता आणि त्या जागेवर १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट उभी होती. म्हणजे जतनाची सरकारी व्यवस्था सुरू झाली तेव्हा त्यांचे गाजलेले चित्रपट पंचवीस-तीस वर्षांच्या जुन्या नायट्रेट फिल्मवर (सहज पेटणारी, लवकर कुजणारी फिल्म) होते. २००३ च्या जानेवारीत तिथल्या नायट्रेट कोठाराला आग लागली आणि 'प्रभात'ची मूळ रिळे गेली. आज आपण पाहतो त्या प्रती नंतरच्या फिल्मवर उतरवलेल्या आहेत.

सूचीसाठी याचा अर्थ: प्रतीत दिसणारा काळा-पांढरा तीव्रपणा, कडा कापलेली चौकट किंवा आवाजातली खरखर यांवरून मूळ छायाचित्रणाविषयी मत देऊ नये. घरात कोणाकडे १९५० च्या आधीचे ३५ मिमी रीळ निघाले तर ते नायट्रेट समजूनच वागावे. हवाबंद डब्यात कोंडू नये, कपाटात कागदांजवळ ठेवू नये, प्रोजेक्टरवर चढवू नये. चिकट झालेले, तपकिरी भुकटी पडणारे किंवा उग्र वासाचे रीळ संग्रहालयाला कळवूनच हलवावे.

८ मार्च
'अमृतमंथन'मधली गाणी, चौकटीनुसार नोंद. हिंदीत पार्श्वगायन १९३५ पासून आले. त्याआधी नट कॅमेऱ्यासमोर गात असे आणि आवाज तिथेच उचलला जाई. मायक्रोफोन चौकटीबाहेर टांगलेला. गाणाऱ्याने मान वळवली की आवाज पडतो, दोन पावले सरकले की साथ वर येते. त्यामुळे त्या काळातली गाणी उभ्या किंवा बसल्या जागी, समोर पाहत गायलेली आढळतात. हा अभिनयाचा आळस नव्हता, यंत्राची सक्ती होती.

शांता आपटे या सक्तीच्या आतच हालचाल शोधतात. धड स्थिर, पण डोळे, भुवया आणि मनगट लयीबरोबर चालतात. समेवर मान पुढे येते आणि आवाज पडू न देता परत जागेवर जाते. नोंदीचे रकाने: गाण्याची ओळ, चौकटीचा सुरुवात-शेवट, धडाची हालचाल, मानेची, डोळ्यांची, हाताची. दर दोन सेकंदांना थांबवून भरायचे. संगीत केशवराव भोळे यांचे आहे. भावगीताच्या अंगाने चाल बांधणारा हा संगीतकार आणि चेहऱ्याने गाणारी ही नटी यांचा मेळ नोंदीत स्पष्ट दिसतो: हालचाल तानेवर येत नाही, शब्दाच्या अर्थावर येते.

१५ मार्च
'कुंकू'. इथे वाद्यवृंदाचे पार्श्वसंगीत नाही. ऐकू येते ते त्या घरातले आणि रस्त्यावरचे. म्हणून ध्वनीचा वेगळा तक्ता केला: वेळ, आवाज कशाचा, त्याचा उगम चौकटीत दिसतो की नाही, आणि त्या क्षणी नीरा बोलते आहे की गप्प आहे. शेवटचा रकाना भरताना चित्रपटाची बांधणी कळते. काकासाहेब या वृद्ध वकिलाशी फसवून लावलेले लग्न ती मान्य करत नाही, पण तिचा विरोध भाषणांत नाही. पुष्कळदा ती गप्प असते, आणि त्या गप्प असण्याला घड्याळाचा आवाज पुरतो.

सावत्र मुलाला (राजा नेने) छडीने फोडून काढण्याचे दृश्य स्वतंत्र नोंदवले. त्यात कॅमेरा तिला दयनीय दाखवत नाही. काकासाहेबांची विधवा मुलगी म्हणजे शकुंतला परांजपे. दोघींच्या दृश्यांना वेगळी खूण दिली आहे, कारण नीरेचा आवाज त्या दृश्यांत खाली येतो.

लाँगफेलोच्या 'ए साम ऑफ लाइफ' या कवितेच्या ओळी नीरा इंग्रजीत गाते. गीतसूचीत त्याची भाषा 'इंग्रजी', कवी लाँगफेलो आणि गायिका शांता आपटे अशी नोंद. 'मन सुद्ध तुझं' हे याच चित्रपटातले गाजलेले गाणे, पण ते मास्टर परशुराम यांचे आहे. नायिकेच्या नावाखाली ते घालू नये.

२७ मार्च
पुस्तिका. चित्रपटगृहात विकल्या जाणाऱ्या या पुस्तिकांत कथासार, भूमिका आणि गाणी असत. कथा शेवटाआधी तोडून 'पुढे काय ते रुपेरी पडद्यावर पाहा' असे सांगण्याची पद्धत होती, त्यामुळे कथानकासाठी पुस्तिका अपुरी, पण नावांसाठी पहिल्या दर्जाची.

टाचण्या गंजलेल्या असतात. नखाने ओढायच्या नाहीत. पातळ पट्टीने पाय सरळ करून मागून बाहेर काढायच्या. फाटलेल्या कडेला सेलोटेप लावू नये, लॅमिनेशन तर कधीच नाही. जपानी टिश्यू आणि गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ, दुरुस्ती एवढीच. स्कॅन ६०० डीपीआय, टिफ, रंगपट्टी बाजूला ठेवून. छापील चित्रांत ठिपक्यांची जाळी असते आणि लहान प्रतीत तिच्यातून लाटा उमटतात. जाळी घालवण्याची प्रक्रिया लहान प्रतीवर करावी, मूळ टिफवर नाही.

गाण्यांचे शब्द दोन रकान्यांत उतरवायचे. पहिल्यात छापले तसे: 'नाहीं', 'तें', 'कां', सगळे अनुस्वार ठेवून. दुसऱ्यात १९६२ च्या नियमांप्रमाणे, शोधासाठी. पहिला रकाना सुधारून टाकला तर छपाईचा काळ ओळखण्याची एक खूण हातची जाते. गायलेले शब्द छापलेल्यापेक्षा वेगळे असतील तर तिसरा रकाना. हिंदी चित्रपटांच्या पुस्तिकांत तीच गाणी उर्दू आणि गुजराती लिपीतही असतात. एखादा शब्द देवनागरीत चुकीचा वाटला की उर्दू पाठ पाहावा, बरेचदा तिथे उलगडतो.

९ एप्रिल
जाहिरातींवरून तारखा. 'आठवडा १२ वा' असे छापले असेल तर त्या आठवड्याच्या पहिल्या दिवसातून ७७ दिवस वजा करायचे. तीन ठिकाणी चूक होते. एक, प्रदर्शनाचा वार शुक्रवारच होता असे धरणे. दोन, चित्रपट दुसऱ्या थिएटरात हलल्यावरही आठवडे पुढेच मोजले जाणे. म्हणून थिएटरचे नाव प्रत्येक नोंदीत हवे. तीन, पुण्याची तारीख मुंबईची समजणे. सेन्सॉरच्या प्रमाणपत्राचे वर्ष वेगळ्या रकान्यात. तेव्हा मंडळे प्रांतवार होती, मुंबई प्रांताचे वेगळे आणि मद्रासचे वेगळे, म्हणून एकाच चित्रपटाला दोन नोंदी सापडल्या तर घाबरू नये.

१७ एप्रिल
जुलै १९३९ ची ओळ. सूचीत ती चित्रपटांच्या रांगेतच घातली आहे, 'इतर' या परिशिष्टात नाही. कारण: करार आणि पगार यांवरून कंपनीशी वाद. जागा: 'प्रभात'चे फाटक, पुणे. कृती: उपोषण.

आधी आणि नंतरच्या ओळी पाहिल्याशिवाय तिचे वजन कळत नाही. आधी: १९३४ ते १९३८ सगळ्या ओळींत 'नोकरीचे स्वरूप: महिन्याचा पगार'. स्टुडिओ पद्धतीत चित्रीकरण असो वा नसो, हजेरी लागते. कंपनी भूमिका ठरवते आणि दुसरीकडे काम करायला परवानगी लागते. नंतर: प्रत्येक ओळीत वेगळी संस्था. दुर्गा खोटे यांनी आधीच 'प्रभात', न्यू थिएटर्स आणि ईस्ट इंडिया फिल्म कंपनी अशा वेगवेगळ्या ठिकाणी काम करून न बांधले जाण्याचा मार्ग दाखवला होता. शांता आपटे आत राहून भांडल्या आणि मग बाहेर पडल्या. त्याच वर्षी मार्चमध्ये गांधीजींचे राजकोटचे उपोषण झाले होते, म्हणजे हे हत्यार लोकांच्या ओळखीचे होते. ते एका नटीने मालकाविरुद्ध, कामाच्या जागेच्या दारात वापरावे, हे नवे होते.

त्या दिवसांच्या कपड्यांची आणि संवादांची वर्णने शेऱ्यात, 'इ' दर्जाने. 'नाटकी वागणे' हा जो शेरा त्यांच्यावर मारला जातो तो आम्हांला मान्य नाही. पगारासाठी गिरणी कामगार दारात बसला तर त्याला संप म्हणतात.

२९ एप्रिल
'जाऊ मी सिनेमात?' (१९४०), शांता आपटे यांचे पुस्तक. ग्रंथसूचीत हे पुस्तक 'आत्मचरित्र' म्हणून टाकलेले आढळते. आमच्या सूचीत विषय: 'चित्रपट व्यवसाय, कामाच्या अटी'. सिनेमात यावे का, असे विचारणाऱ्यांना दिलेले हे उत्तर आहे, आणि त्यात धंद्याची रचना मांडली आहे: पैसा कोणाचा, राबणूक कोणाची, नटीच्या शरीरावर कामाचा ताण किती. तारीख महत्त्वाची. उपोषणानंतरच्या वर्षी, प्रसिद्धीच्या शिखरावर असताना लिहिलेले.

१३ मे
'प्रभात'नंतरच्या ओळी. 'सावित्री' (१९४१), तमिळ, दिग्दर्शक वाय. व्ही. राव. सावित्री शांता आपटे, नारद एम. एस. सुब्बुलक्ष्मी. तमिळ शिकून, स्वतःच्या आवाजात. मराठी लेखांत या चित्रपटाला सहसा अर्धे वाक्य मिळते. इथे त्याला पूर्ण पान दिले आहे, कारण महिन्याचा पगार सोडल्यावर घेतलेले सर्वांत अवघड काम हेच आहे: नवी भाषा, नवी संगीतपद्धती आणि समोर कर्नाटक संगीतातली थोर गायिका. तमिळ लेबले वाचताना नावाचे लिप्यंतर चुकते, कारण तमिळ लिपीत 'प' आणि 'ब' यांना एकच अक्षर आहे. शोधात दोन्ही द्यावे.

'जमीनदार' (१९४२), लाहोरची पंचोली कंपनी, संगीत गुलाम हैदर. यातली काही गाणी शमशाद बेगम यांची. तबकडी पाहिल्याशिवाय गायिकेचा रकाना भरायचा नाही. 'अपना घर' (१९४२), दिग्दर्शक देबकी बोस, मराठीत 'आपले घर', दोन ओळी. 'दुहाई' (१९४३), विश्राम बेडेकर, सोबत नूरजहाँ. 'सुभद्रा' (१९४६), मास्टर विनायक, संगीत वसंत देसाई. यात लता मंगेशकरांबरोबर द्वंद्वगीत आहे. १९४९ चा 'जागा भाड्याने देणे आहे' मराठी.

या दशकात 'गाणी स्वतः' हा रकाना भराभर इतरांच्या बाबतीत 'नाही' होत गेला. पार्श्वगायन रुळले होते. शांता आपटे यांच्या ओळींत 'होय' टिकून राहते. गाणे आणि चेहरा वेगळे करू न देणे हाही त्यांच्या आग्रहाचाच भाग आहे, आणि तो तक्त्यातच दिसतो.

२० जून
पाऊस सुरू. पुस्तिका आणि स्थिरचित्रे ठेवलेल्या डब्यांत आर्द्रतामापक लावले. ४५ ते ५५ टक्के हवे. खोलीत त्याहून पुष्कळ जास्त आहे. सिलिका जेल निळ्याचे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरायचे. डबा दिवसातून अनेकदा उघडला तर जेलचा उपयोग नाही, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये फक्त स्कॅनवर काम. स्थिरचित्रांमागे बॉलपेनने लिहायचे नाही, मऊ पेन्सिलने कडेला. डांबरगोळ्या कागदाला लागू देऊ नयेत. कसर लागलेला कागद वेगळा करून हवाबंद पिशवीत ठेवावा.

४ जुलै
हक्क. १९३७-३८ च्या चित्रपटांची आणि तबकड्यांची मुदत उलटलेली आहे. गाण्यांच्या शब्दांची गोष्ट वेगळी: कवीच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे. म्हणून गीतसूचीत कवीचे मृत्युवर्ष असा रकाना वाढवला. ते वर्ष भरलेले नसेल तर फक्त पहिली ओळ प्रसिद्ध करायची, पूर्ण गाणे नाही.

सूचीची पहिली आवृत्ती गोठवली. मूळ ध्वनिफाइली, सुधारित आणि ऐकण्याच्या अशा तीन कप्प्यांत, प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल बदलली का हे दाखवणारा आकडा) सोबत. एक प्रत पुण्याबाहेर. यानंतरची भर तारीख आणि पुराव्याचा दर्जा लिहूनच घ्यायची. बाकी काम: 'सावित्री'च्या तबकड्यांची तमिळ लेबले वाचून घेणे, 'राजपूत रमणी'च्या पुस्तिकेतला उर्दू पाठ उतरवणे, आणि १९४९ नंतरच्या मराठी चित्रपटांची जाहिरातींवरून थिएटरवार नोंद.